ओळखीपेक्षा परवाना पाहा: वास्कोतील एका कस्टम्स ब्रोकर फर्मचे परीक्षण

गोव्यात काजूचा किंवा कोकमाचा लहानसा कारखाना चालवणारा माणूस पहिल्यांदा परदेशी माल पाठवायला निघाला की त्याला बहुतेक जण एकच सल्ला देतात, तो म्हणजे वास्कोला जाऊन एखादा चांगला सीएचए (कस्टम हाऊस एजंट), म्हणजे मालाचे सीमाशुल्काचे सोपस्कार करून देणारा कस्टम्स ब्रोकर, गाठ. चांगला कोणता, असे विचारले तर उत्तर येते की ज्याची कस्टम हाऊसमध्ये ओळख आहे तो. कुंडई औद्योगिक वसाहतीतील आमच्या काजू युनिटचे काम गेले काही हंगाम वास्कोतील ज्या फर्मकडे आहे, तिच्याबद्दल लिहिताना मला ही ओळखीची कसोटी बाजूला ठेवायची आहे. सीमाशुल्क दलालाचा परवाना कोणाला मिळतो आणि तो मिळाल्यावर त्याच्यावर कोणती बंधने येतात, हे सारे छापील नियमांत आहे, आणि ग्राहकाच्या हाती यापेक्षा चांगली मोजपट्टी दुसरी नाही. तिने मोजल्यास ही फर्म बहुतेक ठिकाणी पुरी उतरते आणि दोन ठिकाणी कमी पडते. फर्म लहान आहे आणि मालकांना प्रसिद्धीची हौस नाही, म्हणून नाव देत नाही.

सीमाशुल्क अधिनियम, १९६२ च्या कलम १४६ प्रमाणे परवान्याशिवाय कोणालाही कस्टम्स ब्रोकर म्हणून व्यवसाय करता येत नाही. त्या कलमाखाली केलेले आजचे नियम १४ मे २०१८ रोजी अधिसूचित झाले. अर्जदार भारतीय नागरिक व पदवीधर असावा लागतो, पण नुसत्या पदवीवर भागत नाही. तिच्या जोडीला सीए, एमबीए, एलएलबी यांसारखी व्यावसायिक पात्रता किंवा जी कार्डधारक (सही करण्याचा अधिकार असलेला कर्मचारी) म्हणून या कामाचा किमान दोन वर्षांचा अनुभव लागतो, आणि किमान पाच लाख रुपयांची मालमत्ता असल्याचे बँकेचे प्रमाणपत्र किंवा तत्सम पुरावा द्यावा लागतो. त्यानंतर ऑनलाइन लेखी परीक्षा, तीत उत्तीर्ण झालेल्यांची तोंडी परीक्षा, आणि शेवटी परवाना हाती पडण्यापूर्वी बंधपत्र व तारण. अभ्यासक्रमात मालाचे वर्गीकरण, मूल्यांकन, ड्रॉबॅक (निर्यातीनंतर परत मिळणारे शुल्क) हे विषय तर असतातच, शिवाय स्फोटके, शस्त्रे, अमली पदार्थ आणि पिकांवरील कीड यांच्यासंबंधीचे जोडकायदेही असतात. एवढ्या पायऱ्या चढून आलेला माणूस हुशार असतोच असे नाही, पण त्याच्याकडे गमावण्यासारखे काहीतरी असते, आणि ग्राहकाच्या दृष्टीने ती मोठीच गोष्ट आहे.

हे ग्राहकाने का वाचावे, तर ‘क्लिअरिंग करून देतो’ असे सांगणारा प्रत्येक जण परवानाधारक नसतो म्हणून. कोणी वाहतूकदार असतो, कोणी फॉरवर्डर, म्हणजे माल पाठवण्याची व्यवस्था लावणारा, असतो, आणि कागदावर सही मात्र तिसऱ्याच्याच परवान्याखाली होते. फॉरवर्डरने उघडपणे एखाद्या ब्रोकरकडून काम करून घेणे यात काहीच गैर नाही. परवाना भाड्याने दिल्यासारखा वापरणे मात्र गैर आहे, कारण तो विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही, असे नियमांच्या आरंभीच म्हटले आहे. दर विचारत फिरताना मडगावातील एका कार्यालयात आम्ही परवान्याची प्रत मागितली, तेव्हा ‘लायसन्स आमच्या मित्राचं आहे, तुम्ही काळजी करू नका, बाब’ असे उत्तर मिळाले. त्यांचा दर सगळ्यांत कमी होता. आम्ही चहा घेतला आणि निघालो.

वास्कोच्या फर्मने पहिल्याच भेटीत उलट आम्हालाच प्रश्न विचारले. आयात-निर्यात कोड, जीएसटी नोंदणी, पॅन, बँकेचे पत्र, भागीदारीचा करार, कारखान्याचे वीजबिल, अन्नसुरक्षा परवाना यांची यादी त्यांनी समोर ठेवली, आणि काम घेण्याचे अधिकारपत्र आमच्या लेटरहेडवर घेतल्याशिवाय दराचा विषयच काढला नाही. पुढच्या आठवड्यात त्यांचा एक तरुण कर्मचारी मोटारसायकलवरून कुंडईला आला. गळ्यात फोटो असलेले एच कार्ड (साहाय्यक कर्मचाऱ्याचे ओळखपत्र), पाठीवर सॅक. त्याने फाटकावरील पाटीचा फोटो काढला, आतमध्ये काजू सोलणाऱ्या बायकांच्या टेबलांपाशी उभा राहून एक काढला, प्लॉट क्रमांक वीजबिलाशी ताडून पाहिला, आणि मशीन चालू आहे का असे मुकादमाला विचारले. मुकादम थोडा बिचकला. त्याला हा कामगार खात्याचा माणूस वाटला. पण ही तपासणी म्हणजे चौकसपणा नव्हता. नियम १० च्या एका पोटनियमात ब्रोकरने ग्राहकाचा कोड, जीएसटी क्रमांक, ओळख आणि दिलेल्या पत्त्यावर तो खरोखर व्यवसाय करतो की नाही हे विश्वासार्ह कागदपत्रांवरून पडताळावे, असे स्पष्ट आहे. कागदोपत्रीच असणाऱ्या निर्यातदारांनी आयजीएसटीचे (एकात्मिक जीएसटीचे) परतावे उचलल्याची प्रकरणे उघडकीस आली, तेव्हा या पोटनियमाखाली कितीतरी ब्रोकरांचे परवाने निलंबित किंवा रद्द झाले. तेव्हा जो ब्रोकर व्हॉट्सॲपवर दोन फोटो मागवून काम सुरू करतो, तो ग्राहकाची सोय करत नसून स्वतःचा परवाना पणाला लावतो, आणि उद्या तो निलंबित झाला तर आपला कंटेनर यार्डात पडून राहतो.

या ठिकाणी एका बदलाकडे लक्ष वेधले पाहिजे, कारण भिंतीवर टांगलेल्या परवान्याकडे पाहण्याची दृष्टीच त्यामुळे बदलायला हवी. पूर्वी ब्रोकरचा परवाना दहा वर्षांसाठी असे आणि नंतर त्याचे नूतनीकरण करावे लागे. २३ जुलै २०२१ च्या अधिसूचनेने व परिपत्रकाने नूतनीकरणाची ही पद्धत बंद झाली आणि परवाना आजीवन झाला. वर्षाहून अधिक काळ निष्क्रिय राहिलेला परवाना अवैध ठरवण्याची तरतूद तेवढी ठेवली गेली. व्यवसायसुलभता म्हणून हे योग्यच झाले, कारण नूतनीकरणाच्या फायली फिरवण्यात दोन्ही बाजूंचा वेळ जात होता. परंतु ठरावीक मुदतीने होणारी एक तपासणीही त्याबरोबर गेली. अमेरिकेत उलट चित्र आहे. तिथे व्यवसायासाठी परवान्याखेरीज परमिट लागते आणि त्याचे शुल्क दरवर्षी भरावे लागते. डिसेंबर २०२२ पासून जिल्हावार परमिटे जाऊन एकच राष्ट्रीय परमिट आले. शिवाय दर तीन वर्षांनी स्थितीचा अहवाल द्यावा लागतो, आणि त्या तीन वर्षांच्या चक्रात ३६ तासांचे सततशिक्षण पूर्ण करण्याचे बंधन आता घालण्यात आले आहे. आपल्याकडे वार्षिक शुल्क नको, ते शेवटी ग्राहकाच्याच बिलात येईल. पण सततशिक्षणाचे बंधन यायला हरकत नाही असे माझे मत आहे. करांचे दर व प्रोत्साहन योजना दर अर्थसंकल्पात बदलत असताना एकदा दिलेल्या परीक्षेच्या जोरावर आयुष्य काढणे कितपत बरोबर, हा प्रश्न ब्रोकरांच्या संघटनांनीच उचलून धरावा.

तोपर्यंत ग्राहकाने भिंतीवरच्या कागदापेक्षा सही करणाऱ्या माणसाकडे पाहावे. परीक्षा उत्तीर्ण झालेला परवानाधारक, भागीदार किंवा संचालक एफ कार्डधारक असतो, सही करण्याचा अधिकार असलेला कर्मचारी जी कार्डधारक, आणि एच कार्डधारक फक्त साहाय्य करतो. आमच्या फर्ममध्ये सही एक तर मालक स्वतः करतात किंवा एक अनुभवी जी कार्डधारक बाई करतात, आणि आमच्या मते या फर्मचे खरे बळ त्या बाईच आहेत.

त्यांचे काम कसे चालते ते एका चेकलिस्टवरून सांगतो. शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीचे सीमाशुल्क घोषणापत्र, दाखल करण्यापूर्वी ब्रोकरच्या सॉफ्टवेअरमधून एक मसुदा निघतो, त्याला या धंद्यात चेकलिस्ट म्हणतात, आणि तो ग्राहकाने वाचून मान्य करायचा असतो. बहुतेक ठिकाणी हा मसुदा सकाळी मेलवर येतो, ग्राहक न वाचताच ‘ओके’ लिहितो आणि दुपारी बिल दाखल होते. दुबईला जायच्या आमच्या एका मालात डब्ल्यू-२४० व डब्ल्यू-३२० प्रतीचे साधे काजूगर होते आणि त्यांच्याबरोबर मसाला काजूचे काही खोके होते. हिशेबनीसाने इन्व्हॉइसवर सगळ्याला काजूगराचाच एक कोड लावला होता. चेकलिस्ट परत आली ती पेन्सिलीच्या खुणांसह स्कॅन होऊन. साध्या अख्ख्या गराची ओळ ०८०१३२२० वर ठेवली होती, मसाला काजूची ओळ वेगळी काढून तिच्यापुढे २००८१९१० लिहिले होते, आणि समासात बारीक अक्षरात ‘भाजलेला आहे ना? पॅकिंग लिस्ट पण वेगळी करा’ असा शेरा होता. भाजलेला व खारवलेला काजू सीमाशुल्क दरसूचीच्या आठव्या प्रकरणात राहत नाही, विसाव्यात जातो, हे पुस्तकात सापडते. पण खोक्यांवरच्या वर्णनातील ‘मसाला’ या एका शब्दावरून ते ओळखून, दाखल करण्यापूर्वी विचारणे याला काम म्हणतात. कोड बदलला की आरओडीटीईपीचा, म्हणजे निर्यातमालावरील इतरत्र परत न मिळणारे कर परत देणाऱ्या योजनेचा, दर बदलतो, भारत-यूएई सीईपीए व्यापार करारासाठी लागणाऱ्या उगम प्रमाणपत्रावरचा कोडही तोच असावा लागतो, आणि तिकडे दुबईत खरेदीदाराच्या ब्रोकरने वेगळा कोड लावला तर दोन्ही टोकांना खुलासे करत बसावे लागते.

त्याच पानाच्या खालच्या अंगाला आणखी एक गोल केलेली जागा होती, ती आरओडीटीईपीच्या दाव्याची. १ जानेवारी २०२१ पासून लागू झालेल्या या योजनेचा लाभ घ्यायचा तर शिपिंग बिलातच तसे नोंदवावे लागते. ते राहून गेले की कलम १४९ खाली दुरुस्तीचा अर्ज, त्याची कारणे, त्यावरचा आदेश, अशी वरात निघते. बाईंनी ती जागा भरलेली असूनही गोल केली होती, कारण दावा करायचा की नाही हा निर्णय ग्राहकाचा असतो आणि तो त्याने पाहून घ्यावा, असे त्यांचे म्हणणे. ग्राहकाला कायद्याप्रमाणे वागण्याचा सल्ला देणे आणि दिलेल्या माहितीच्या अचूकतेबाबत योग्य ती दक्षता घेणे ही ब्रोकरची कर्तव्ये नियम १० मध्ये नोंदलेली आहेत. कितीतरी ठिकाणी ती कागदावरच राहतात. इथे ती पेन्सिलीने गिरवलेली दिसली.

ब्रोकरचा परवाना आजीवन झाला असला तरी निर्यातदाराच्या मागे मात्र वार्षिक सोपस्कार आहेतच, आणि त्यांची आठवण ठेवणे हे काही ब्रोकरचे कायदेशीर काम नाही. तरीही मार्चच्या उत्तरार्धात या फर्मचा एक साधा संदेश येतो. आयजीएसटी न भरता निर्यात करायची तर आरएफडी-११ नमुन्यातील हमीपत्र, म्हणजे एलयूटी, प्रत्येक आर्थिक वर्षासाठी नव्याने द्यावे लागते. ३१ मार्चला जुने संपते आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातला कंटेनर त्याच्याविना अडतो. दुसरे म्हणजे आयात-निर्यात कोडचा तपशील. २०२१ पासून प्रत्येक कोडधारकाने दरवर्षी एप्रिल ते जून या काळात डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) संकेतस्थळावर तो अद्ययावत करायचा असतो, आणि काहीही बदललेले नसले तरी ‘बदल नाही’ अशी पुष्टी करायची असते. ती न केल्यास कोड निष्क्रिय होतो. काजूवाल्यांच्या दृष्टीने ही मुदत विचित्र वेळी येते, कारण एप्रिल-मे म्हणजे बिया खरेदी करून वाळवण्याची घाई, आणि संगणकापुढे बसायला कोणालाच सवड नसते. फर्मचा संदेश दोन ओळींचा असतो, कोकणी आणि मराठी यांची सरमिसळ असते, पण नेमका असतो.

माल मुरगाव बंदरातूनच जावा अशी आमचीही इच्छा असते, परंतु गोव्याचा बराचसा कंटेनर माल रस्त्याने न्हावा-शेव्याला जातो, कारण जहाजांची वारंवारिता तिकडे आहे. मुरगाव हे पिढ्यान्‌पिढ्या खनिजाचे बंदर. २०१२ मध्ये खाणी थांबल्या आणि २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांची नूतनीकरणे सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, तेव्हा वास्कोतल्या अनेक क्लिअरिंग कार्यालयांचा मुख्य आधारच सुटला, आणि आज तिथे टिकून असलेली कार्यालये ही किरकोळ, मिश्र मालाचे काम शिकून घेतलेली आहेत. एका ठिकाणी परवाना मिळालेला ब्रोकर देशातील इतर सीमाशुल्क स्थानकांवरही काम करू शकतो, फक्त फॉर्म सी मध्ये तशी सूचना तेथील आयुक्तांना द्यावी लागते. आमच्या फर्मने न्हावा-शेव्याला स्वतःची माणसे ठेवलेली नाहीत, आणि हे त्यांनी लपवले नाही. तिकडचे काम दुसरा परवानाधारक ब्रोकर करील, त्याच्या परवान्याची प्रत ही, आणि त्याच्या नावाचे स्वतंत्र अधिकारपत्र तुम्ही द्या, असे त्यांनी आधीच सांगितले. काम स्वतः किंवा मंजूर कर्मचाऱ्यामार्फतच करण्याचे बंधन असल्यामुळे हीच रीत योग्य आहे. खर्च थोडा वाढतो, पण शिपिंग बिलावर कोणाचे नाव आहे हे आपल्याला माहीत असते.

आता उणिवा. पहिली बिलाची. एजन्सी शुल्क, जीएसटी, बंदराचे व वाहतुकीचे पावतीसह खर्च या ओळी स्वच्छ असतात, पण त्यांच्याखाली ‘इतर खर्च’ अशी एक ओळ असते आणि तिला पावती नसते. रक्कम मोठी नसते. तरीही ज्या फर्मला वर्गीकरणाची एक ओळ मोडून दोन करायची सवय आहे, तिने स्वतःच्या बिलातली ही ओळही मोडून दाखवायला हवी. विचारल्यावर त्यांनी फोटोकॉपी, रिक्षा, हमाली असा हिशेब कागदावर लिहून दिला आणि तो पटण्यासारखा होता. पुढच्या बिलात ती ओळ पुन्हा जशीच्या तशी आली. दुसरी उणीव काम झाल्यानंतरच्या कागदांची. लेट एक्स्पोर्ट ऑर्डर, म्हणजे माल निर्यातीस सोडण्याची परवानगी, मिळाली की फर्मचे लक्ष पुढच्या मालाकडे वळते, आणि शिपिंग बिलाची अंतिम प्रत मिळवण्यासाठी आपल्यालाच दोन-तीनदा फोन करावा लागतो. बँकेला ती प्रत वेळेवर लागते. ब्रोकरने आपले अभिलेख अद्ययावत ठेवावेत आणि किमान पाच वर्षे जपावेत असा नियम आहे, म्हणजे कागद त्यांच्याकडे असतात यात शंका नाही; ते ग्राहकापर्यंत पोहोचवण्याची शिस्त तेवढी हवी. शनिवारी दुपारनंतर फोन लागत नाही ही तक्रार मी करणार नाही. वास्कोत शनिवारी दुपारी कोणाचाच लागत नाही.

दराबाबत एवढेच की मडगावच्या त्या कार्यालयापेक्षा यांचे शुल्क बरेच जास्त आहे आणि मुंबईच्या मोठ्या फर्मपेक्षा थोडे कमी. वर्षातून एखाददुसरी पेटी हवाईमार्गे पाठवणाऱ्याला ते परवडणार नाही, आणि अशा माणसाला कुरिअर कंपनीची सेवा पुरेशी आहे असे फर्मचे मालक स्वतःच सांगतात.

यंदा आम्हाला तैवानहून एक पॅकिंग यंत्र आणायचे आहे, आणि आयातीचे काम याच फर्मला द्यावे का, यावर आमच्यात चर्चा झाली. आयातीत घोळ महाग पडतो. बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयातीचे घोषणापत्र, जहाज येण्याच्या आदल्या दिवसाअखेरपर्यंत दाखल व्हावे लागते, आणि उशीर झाल्यास पहिले तीन दिवस दिवसाला ५,००० रुपये व त्यानंतर दिवसाला १०,००० रुपये आकार लागतो. त्यातच ३१ ऑक्टोबर २०२० पासून आयातीचे मूल्यनिर्धारण देशभर फेसलेस झाले आहे, म्हणजे आमच्या यंत्राचे कागद वास्कोत दाखल झाले तरी ते तपासणारा अधिकारी दुसऱ्याच शहरात बसलेला असू शकतो, आणि कस्टम हाऊसमधल्या ज्या ओळखीवर जुने सीएचए भाव खात, ती त्या अधिकाऱ्यापर्यंत पोहोचत नाही. तिथे पोहोचते ती फक्त कागदावरची मांडणी. मालकांनी यंत्राचे कॅटलॉग आणि तांत्रिक पत्रक ऑर्डर देण्यापूर्वीच मागून घेतले आहे, आणि शुल्काची रक्कम फर्मच्या खात्यात न देता आम्हीच आइसगेट या सीमाशुल्क संकेतस्थळावरील आमच्या इलेक्ट्रॉनिक कॅश लेजरमधून भरावी, असे सुचवले आहे. ग्राहकाकडून शुल्कासाठी घेतलेले पैसे तत्काळ सरकारजमा करणे ब्रोकरला बंधनकारक आहे, तरीही पैसे आपल्या हातातून जाऊच नयेत असे म्हणणारा ब्रोकर मला दुसरीकडे भेटला नाही. काम त्यांनाच दिले आहे. ‘इतर खर्च’ या ओळीची मर्यादा मात्र या वेळी अधिकारपत्राबरोबरच लेखी ठरवून घेतली आहे.